आधी सांगा, घाम येतोय का?

उत्तर कशाचं आहे हे इतरांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून तोक्योला आलात. सर्दी झाली तेव्हा दवाखान्यातून '१' असा आकडा छापलेल्या तपकिरी दाणेदार औषधाच्या पुड्या मिळाल्या आणि एका दिवसात बरं वाटलं. महिन्याभराने पुन्हा सर्दी झाली. चौथ्या दिवशी उरलेल्या पुड्यांची आठवण झाली, त्या घेतल्या, तर गुण आला नाही. उलट रात्रभर झोप नाही आणि छातीत धडधड. आता सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांना बीपीची गोळी चालू आहे, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, आणि शेजारच्या आजींनी मायेने '६८' नंबरच्या पुड्या आणून दिल्या आहेत. हे आपल्या आयुर्वेदासारखंच का, झाडपाल्याचंच आहे तर निर्धास्त द्यावं का, आणि घरात काय ठेवावं, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी: सासूबाईंना ६८ नंबर अजून देऊ नका. कारण पुढे येईल, पण उत्तर अर्धवट वाचून ठेवलंत तरी एवढं लक्षात राहू द्या.

मी कोण तेही सांगायला हवं. मी पुण्यात फार्मसी शिकले आणि गेली चौदा वर्षं तोक्योच्या पूर्व भागात औषधाच्या दुकानात उभी आहे. इथे 'तोरोकु हानबाइशा' नावाची परीक्षा असते, ती प्रांताकडून घेतली जाते. ती पास झालं की चिठ्ठीशिवाय मिळणारी बहुतेक औषधं गिऱ्हाइकाची चौकशी करून विकता येतात, आणि काम्पोची, म्हणजे तुमच्या पुड्यांसारखी जपानच्या पारंपरिक वैद्यकातली, बहुतांश औषधं त्यातच मोडतात. मी डॉक्टर नाही. नाडी पाहणं, पोट दाबून पाहणं हे माझं काम नाही. माझं काम काउंटरवर चार प्रश्न विचारून औषध द्यायचं की माणसाला दवाखान्यात पाठवायचं, हे ठरवण्याचं.

त्या चार प्रश्नांतला पहिला प्रश्न कायम तोच: घाम येतोय का?

तुमच्या '१' नंबरचं नाव काक्कोन्तो. त्यात सात वस्तू असतात: कुडझू नावाच्या वेलीचं मूळ, माओ, दालचिनी, शाकुयाकु म्हणजे पिओनीच्या झाडाचं मूळ, चिनी बोरं, आलं आणि ज्येष्ठमध. कुडझू आपल्याला अगदीच परका नाही, आपला विदारीकंद त्याच कुळातला. माओ म्हणजे एफेड्रा नावाचं झुडूप, आणि तुमची धडधड व जागरण त्याचंच. त्यातलं एफेड्रिन हृदयाला आणि मेंदूला चाळवतं. म्हणूनच स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ते वर्ज्य आहे.

काक्कोन्तो सर्दीचं औषध आहे असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ते सर्दीच्या फक्त एका घडीचं औषध आहे. अंगावर शिरशिरी येते, पांघरूण घेतलं तरी थंडी जात नाही, मानेपासून खांद्यापर्यंत आखडल्यासारखं होतं, आणि अंग कोरडं असतं, घामाचा थेंब नसतो. ही घडी काही तासांची, फार तर एक-दीड दिवसाची. तेव्हा कढत पाण्यात विरघळवून घेतलं, पांघरून पडलात आणि अंगाला हलका घाम फुटला की औषधाचं काम संपलं. चौथ्या दिवशी, घसा बसलेला, कफ पिवळा आणि अंगाला आपोआप घाम येत असताना तेच औषध घेतलंत, तर ते बंद नसलेलं दार ढकलत राहतं. तुमचं दुसऱ्या वेळी तेच झालं. औषध खोटं नव्हतं, वेळ निघून गेली होती.

या साऱ्या विद्येचा पाया ज्या ग्रंथावर आहे तो जपानीत 'शोकानरोन' म्हणून ओळखला जातो. सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा चिनी ग्रंथ. काक्कोन्तोतून कुडझू आणि माओ काढलं की उरतं ते केइशितो, पाच वस्तूंचं सौम्य औषध. जरा अशक्त माणसाला, थोडा थोडा घाम येत असतानाच्या सर्दीत ते देतात. ग्रंथात ते घ्यायची जी रीत सांगितली आहे ती मला फार आवडते: औषध प्या, थोड्या वेळाने कढत पातळ पेज प्या, दोनेक तास पांघरूण घ्या, अंगभर बारीक घाम यावा, पाण्यासारखा वाहू देऊ नका. आणि एका मात्रेत बरं वाटलं तर बाकीचं औषध घेऊ नका. आजारी माणसाला पेज देऊन पांघरूण घालणारी आपली आजी आणि तो ग्रंथकार यांची कधी भेट झाली नाही, तरी दोघांना एकच गोष्ट कळली होती. पण आपण नेमकं शेवटचं वाक्य विसरतो. पुड्या उरल्या आहेत म्हणून कोर्स पूर्ण करायचा, ही अँटिबायोटिकची शिस्त इथे लावू नका.

याच्या पलीकडचं टोक म्हणजे माओतो, २७ नंबर. धडधाकट माणूस, चढता ताप, हाडं-सांधे ठणकतात, घाम अजिबात नाही, अशा वेळचं. इथले डॉक्टर इन्फ्लुएंझातही ते देतात. ते दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नका. तेवढा ताप असेल तर तपासणीच करून घ्या.

घामाबद्दल इतकं लिहिलं, कारण काम्पोचा सगळा विचार या एका प्रश्नात दिसतो. इथे रोगाच्या नावाला औषध नसतं. त्या वेळी त्या शरीराची जी स्थिती आहे तिला 'शो' म्हणतात, आणि औषध 'शो'ला दिलं जातं. माणूस दणकट आहे की खचलेला, थंडीने कुडकुडतोय की अंगाची आग होते आहे, कुठे पाणी साचलंय की कोरड पडली आहे. प्रकृती जन्मभराची असते, 'शो' सकाळ-संध्याकाळ बदलते. आयुर्वेदाशी सरळ तुलना करायला मी म्हणूनच कचरते. वस्तू पुष्कळशा ओळखीच्या आहेत, पण मांडणी वेगळी आहे. नारा शहरातल्या शोसोइन या कोठारात इ.स. ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्योने अर्पण केलेल्या साठ औषधांची यादी आहे. तिच्यात आपला हिरडा आणि काळी मिरी दोन्ही आहेत. सामान इकडून तिकडे गेलं, पण ते वापरण्याचं शास्त्र प्रत्येकाने आपापलं उभं केलं. अठराव्या शतकात योशिमासु तोदो नावाच्या वैद्याने मोठमोठे सिद्धान्त बाजूला सारून, पोटाला हात लावून जे कळतं त्यावर औषध ठरवायचा आग्रह धरला. काम्पोला जपानी वळण मिळालं ते यात. आजही चांगला काम्पो डॉक्टर तुम्हाला आडवं झोपवून पोट दाबून बघेल, गोंधळू नका.

मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सरकारने पाश्चात्त्य वैद्यक हेच अधिकृत केलं, आणि काम्पो वैद्यांना परवाना देण्याचा प्रस्ताव १८९५ मध्ये संसदेत पडला. तिथून ही विद्या जवळजवळ बुडाली होती. १९७६ पासून सरकारी विम्यात काम्पोची बरीच औषधं आली आणि चित्र पालटलं. आज विम्यात १४८ औषधयोग आहेत. त्यामुळे इथे एकच डॉक्टर एका हाताने पॅरासिटामॉल लिहितो आणि दुसऱ्या हाताने काम्पो. वेगळा 'काम्पोवाला' शोधत फिरावं लागत नाही, आणि हे मला या देशातलं एक मोठं शहाणपण वाटतं.

आता ६८ नंबर. शाकुयाकु-कान्झोतो. त्यात दोनच वस्तू, पिओनीचं मूळ आणि ज्येष्ठमध. पोटरीत गोळा आला की हे घ्यावं आणि काही मिनिटांत सुटावं, असा त्याचा लौकिक आहे आणि तो खरा आहे. शेजारच्या आजींचा हेतू शंभर टक्के चांगला आहे. अडचण ज्येष्ठमधाची आहे. दवाखान्याच्या पूर्ण मात्रेत, दिवसाच्या तीन पुड्यांत मिळून सहा ग्रॅम ज्येष्ठमध असतो. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. बीपी वाढतं, पाय सुजतात, हातापायांतली ताकद जाते. पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील इथे आले होते तेव्हा त्यांनाही असेच गोळे यायचे. मीच त्यांना ६८ नंबर दिला, झोपताना एक पुडी, दोन-तीन दिवस. गुण आला. मग मी कामाच्या गडबडीत राहिले आणि त्यांनी आपल्या मनाने, औषध एवढं चांगलं आहे तर नियमित घ्यावं म्हणून, रोज तीन पुड्या सुरू केल्या. पाच आठवड्यांनी जिना चढताना ते मध्येच बसले. घोट्यांवर बोट दाबलं तर खड्डा राहत होता. रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी. औषध बंद केल्यावर दोन आठवड्यांत ते पूर्ववत झाले, पण तो बसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून ६८ नंबर मागणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते: किती दिवस घेताय, आणि दुसरं काय घेताय?

तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्यांच्या बीपीच्या गोळीची पट्टी बघा. नावापुढे 'एच' असेल तर बहुधा त्यात लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारं औषध मिसळलेलं आहे. ते औषधही पोटॅशियम खाली नेतं. दोन्ही एकत्र आली तर एकाच हौदाला दोन भोकं. शिवाय गोळे येण्याचं कारणच कमी पोटॅशियम असेल, तर ६८ नंबर आजची रात्र सुखाची करून पुढचे दिवस कठीण करील. म्हणून आधी रक्त तपासा.

ज्येष्ठमधाची बेरीज करायची सवय लावून घ्या. काम्पोच्या बहुसंख्य औषधांत तो असतो. पूर्ण मात्रेच्या काक्कोन्तोत दिवसाला साधारण दोन ग्रॅम, वाहत्या नाकावरच्या शोसेइर्यूतोत तीन. त्यात घरी खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा चालू असेल तर तोही याच हिशोबात धरायचा. मराठी घरांत हे नेमकं राहून जातं, कारण काढा हे कुणी औषध म्हणून सांगतच नाही.

आणि 'झाडपाल्याचं आहे, म्हणजे निर्धोक' हे मनातून काढून टाका. इथे ही गोष्ट फार महाग पडली आहे. शोसाइकोतो नावाचं औषध एके काळी जुनाट कावीळ, म्हणजे यकृताचा दीर्घकाळचा दाह असलेल्यांना सरसकट दिलं जायचं, 'शो' न बघता, रोगाच्या नावावर. त्यातून काहींना फुप्फुसाचा गंभीर विकार झाला. १९९६ च्या मार्चमध्ये आरोग्य मंत्रालयाला तातडीचा इशारा काढावा लागला. दोनेक वर्षांत ८८ रुग्णांची नोंद झाली होती आणि त्यांतले दहा दगावले होते. काम्पो घेत असताना कोरडा खोकला, धाप आणि ताप सुरू झाला तर औषध त्याच दिवशी थांबवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं, हा नियम आम्हाला त्यानंतर पाठ करवला गेला.

आता घरात काय ठेवावं. तुमच्या जागी मी असते तर चारच गोष्टी ठेवल्या असत्या.

काक्कोन्तोचा छोटा डबा, दोन दिवसांपुरता. मोठा घेतला की तुमचं मागच्या वेळी झालं तसं होतं. खोक्यावर 'मानर्यो' असा शब्द असेल तर ती पूर्ण मात्रा. पुष्कळ दुकानी औषधांत मात्रा कमी केलेली असते. बीपी, हृदयविकार, थायरॉइड वाढलेलं, किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडणारे आजोबा, यांना माओ असलेलं काहीही विचारल्याशिवाय द्यायचं नाही. म्हणजे हा डबासुद्धा सासूबाईंसाठी नाही.

दुसरं गोरेइसान, १७ नंबर. माझ्या मते इथे राहणाऱ्या मराठी माणसाला सगळ्यात उपयोगी पडणारं हेच. जूनमध्ये पावसाळा सुरू होतो, त्याला त्सुयु म्हणतात. हवेचा दाब उतरला की डोकं जड होतं, चक्कर येते, तोंड सुजल्यासारखं वाटतं. तहान आहे पण लघवी कमी, प्यायलेलं पाणी पोटात डुचमळतं, अशी लक्षणं असली की गोरेइसान चपखल बसतं. यात माओ नाही आणि ज्येष्ठमधही नाही, म्हणून वयस्कर माणसांत ते वापरायला सोपं. तरी मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारूनच.

तिसरं बाकुमोन्दोतो, सर्दी गेल्यावर मागे राहणाऱ्या कोरड्या खोकल्यासाठी. घसा खरखरतो, उबळ आली की चेहरा लाल होतो, कफ चिकट आणि थोडा. त्यातला एक घटक म्हणजे चक्क तांदूळ. छातीत भरपूर पातळ कफ असेल तर मात्र हे देऊ नये, अधिकच चिकचिक होते. खोकला तीन आठवडे टिकला तर पुड्या बाजूला ठेवून छातीचा फोटो काढा.

चौथं पोटासाठी, आणि इथे निवड माणसागणिक बदलते. जेवण समोर आलं तरी इच्छा नाही, चार घासांत पोट भरतं, हातपाय गार, अशा खंगलेल्या माणसाला रिक्कुन्शितो. ताणाने पोटात कळ येते, आंबट ढेकर, पण अंगकाठी किरकोळ, त्याला आन्चूसान. त्यात दालचिनी, बडीशेप आणि कुळिंजन आहे, पुडी फोडली की मसाल्याच्या डब्याचा वास येतो. मात्र त्यात कालवाच्या शिंपल्याची भुकटीही असते. घरात कुणी काटेकोर शाकाहारी असेल तर हे आधी सांगायला हवं. तसंच बऱ्याच दाणेदार औषधांत लॅक्टोज मिसळलेलं असतं. दूध सोसत नाही अशांनी खोक्यावर बघावं.

मसाल्यांवरून आठवलं. इथे पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी पुन्हा हलती व्हावीत म्हणून दाइकेन्चूतो देतात. त्यातल्या सान्शो मिरीने जीभ झिणझिणते. मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा मालवणातली बांगड्याची आमटी आठवली, कारण आपलं तिरफळ त्याच कुळातलं. घरगुती वापराचं औषध नव्हे ते, पण कुणाला इस्पितळात मिळालं तर घाबरू नये म्हणून सांगितलं.

हिवाळ्यात हातांना भेगा पडल्या, किरकोळ भाजलं, तर शिउन्को नावाचं जांभळं मलम आहे. हानाओका सेइशू या शल्यविशारदाने ते रूढ केलं. हा तोच माणूस, ज्याने १८०४ मध्ये धोत्रा घातलेलं औषध पाजून रुग्णाला बेशुद्ध केलं आणि स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. मलम उत्तम आहे, पण त्यात डुकराची चरबी असते आणि कपड्यांना पडलेला डाग निघत नाही. चालत असेल तरच घ्या. बोटं सुजून लाल होतात, खाजतात, तो शिमोयाकेचा त्रास दरवर्षी होत असेल तर मलमापेक्षा डॉक्टरांना ३८ नंबरबद्दल विचारा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सुगी, म्हणजे जपानी सीडरच्या झाडांच्या परागांनी नाक नळासारखं वाहायला लागेल. या वर्षी नाही तर तीन-चार वर्षांनी. नवीन आलेल्यांना ते हळूहळू सुरू होतं. तेव्हा शोसेइर्यूतो कामाला येतं, पण नाक पाण्यासारखं वाहत असेल तरच. नाक चोंदलेलं आणि शेंबूड घट्ट असेल तर ते औषध नव्हे. त्यातही माओ आहे, हे विसरू नका.

घेण्याच्या वेळेबद्दल एक गैरसमज मी रोज दुरुस्त करते. पाकिटावर 'शोक्कान' लिहिलेलं असतं. शब्दशः 'जेवणांमध्ये'. नवीन लोक, आणि कित्येक जपानीसुद्धा, ते जेवता जेवता मध्येच घेतात. त्याचा अर्थ दोन जेवणांच्या मधल्या वेळी, म्हणजे जेवून दोनेक तासांनी, रिकाम्या पोटी. अर्धा कप कढत पाण्यात विरघळवून, वास घेत, हळूहळू प्या. भुकटी तोंडात टाकून गार पाण्याने ढकलली तर काक्कोन्तोसारख्या औषधाचा अर्धा अर्थ निघून जातो. मळमळ असताना गोरेइसान मात्र कोमट किंवा गारच, घोटाघोटाने.

किती दिवस वाट बघायची? सर्दीवरचं औषध दोन दिवसांत, पोटरीतल्या गोळ्यावरचं त्या रात्रीच कळायला हवं. पोटाचं किंवा गारठ्याचं औषध दोन-चार आठवडे घेऊन बघता येतं. महिन्याभरात फरक नसेल तर औषध चुकलंय असं समजा, मात्रा वाढवू नका. गर्भारपणात, अंगावर पाजताना आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला यातलं काहीही माझ्यासारख्या दुकानदाराच्या सल्ल्यावर देऊ नका, डॉक्टरच हवा.

आता सासूबाईंसाठी या आठवड्यात करायचं ते. त्यांच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि मिलिग्रॅम एका कागदावर इंग्रजीत लिहा. औषधांच्या दुकानात 'ओकुसुरी-तेचो' म्हणजे औषधांची वही मिळते, ती त्यांच्या नावाने करून घ्या आणि तो कागद तिच्यात चिकटवा. जवळच्या दवाखान्यात वही दाखवून सोडियम-पोटॅशियम आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी मागा. त्यांच्याकडे प्रवासाचा विमा असेल तर त्याचे कागद बरोबर न्या, इथला सरकारी विमा त्यांना नसणार. आकडे ठीक आले आणि डॉक्टर हो म्हणाले, तर ६८ नंबरची एक पुडी झोपताना, तीही गोळा येईल त्याच दिवशी, असं बहुधा सांगतील. तोवर रात्री गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढा, पोटरी सुटेपर्यंत धरून ठेवा, आणि मग गरम पाण्याच्या पिशवीने शेका. झोपताना पायांत मोजे घाला; इथल्या जमिनी गार असतात आणि आपल्या बायकांना घरात अनवाणी राहायची सवय असते.

शेजारच्या आजींच्या पुड्या परत करू नका, त्यांना वाईट वाटेल. तपासणी होईपर्यंत कपाटात ठेवा आणि त्यांना सांगा की डॉक्टरांना विचारून घेणार आहोत. इथे हे वाक्य कुणालाही लागत नाही.